पॅसेजमधला पहारा

कोपऱ्यावरून वळताना तिनं सवयीनं मान वर केली. पडद्यांच्या दुकानात दिवसभर शिलाई मारणाऱ्या बाईला रस्त्यानं चालताना लोकांच्या खिडक्या बघायची खोड लागतेच. कुणाचा पडदा आखूड, कुणाचा मळका, कुणी नुसती चादर टांगून वेळ मारून नेलेली. तशीच एकेक खिडकी निरखत ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका उघड्या खिडकीपर्यंत आली. तिथं एक म्हातारी अर्धं अंग बाहेर काढून चादर झटकत होती, आणि ‘पडेल की ही बया’ असं मनात येतंय तोवर तिच्या लक्षात आलं की ती खिडकी आपली आहे आणि ती बया म्हणजे आपली सासू. “खाली बसा,” ती भर रस्त्यात जिवाच्या आकांतानं ओरडली. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, फळवाल्यापाशी कलिंगड ठोकून बघत असलेला एक जाडजूड गृहस्थ कलिंगडासकट खरोखरच खाली बसला. वर सासूनं मात्र इकडेतिकडे पाहिलं, सून दिसल्यावर चादरीचं टोक हलवून खुशाली कळवली आणि पुन्हा झटकायला सुरुवात केली. गृहस्थ गुडघे झाडत उठला आणि काय झालं, काय पडलं म्हणून विचारायला लागला. काही नाही, ती म्हणाली, काहीच नाही पडलं. आणि मग तिला वाटलं, खरंच की, काहीच पडलेलं नाही. जिना चढताना तिनं कठडा घट्ट धरला होता आणि तोंडावर हसू फुटत होतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं काय होतंय ते तिला कळत नव्हतं.

कारण त्या खिडकीत या घरातलं कुणी आजवर उभं राहिलेलं नव्हतं. ‘तिकडे’ लढाई सुरू झाली तेव्हा सगळ्यांना एक नियम पाठ झाला होता. घरात ‘तिकडे’ एवढं म्हटलं की पुरे, गावाचं नाव कुणी घेत नसे. नियम असा की आपण आणि रस्ता यांच्या मधे दोन भिंती हव्यात. पहिली भिंत मार खाते, दुसरी भिंत उडालेले तुकडे अडवते. म्हणून माणसं खोल्या सोडून मधल्या पॅसेजमध्ये राहायला लागली होती. इकडे या शहरात लढाई नव्हती. मदत करणाऱ्या संस्थेनं दोन खोल्यांचं चांगलं उजेडाचं घर मिळवून दिलं होतं, समोरासमोर मोठ्या खिडक्या, आणि पहिल्याच दिवशी सासू, नवरा, मुलगी आणि ती अशा चौघांनी आपापल्या गाद्या पॅसेजमध्ये अंथरल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेल्या आणि मधल्या बोळकांडीत एक अख्खं कुटुंब. कूस बदलायची तर एकट्यानं बदलून भागत नसे, चौघांना मिळून बदलावी लागे. सासू “हं, उजवीकडे” म्हणे आणि सगळं घर उजवीकडे वळे. मुलीचा अभ्यास चपलांच्या कपाटावर. नवराबायकोचं भांडण झालं तर रुसायलासुद्धा जागा नाही, पाठ फिरवली की नाक भिंतीला लागतं. आता तिला हे सगळं आठवून हसू येई. तेव्हा मात्र त्यात वावगं असं काही वाटलंच नव्हतं. खोल्यांकडे ते परक्याच्या घरात डोकावावं तसं उंबऱ्यावरून बघत आणि मुकाट्यानं परत येत.

मनवाली बाई आली ती अशा वेळी. तिचा हुद्दा समुपदेशक असा लांबलचक होता, पण सासूनं दूधवाला, पेपरवाला याच चालीवर तिला मनवाली करून टाकलं. संस्थेनं पाठवलेली ही चाळिशीची, जरा अंगानं भरलेली बाई दारात आली तेव्हा सून मनातून कानकोंडी झाली होती. आता ही विचारणार, खोल्या असताना इथं का बसता, आणि मग समजावून सांगणार की इथं भीतीचं काही कारण नाही, जसं काही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मनवालीनं काही विचारलं नाही. तिनं पॅसेजभर नजर टाकली, चपला काढल्या, आणि “सरका जरा” म्हणून सासू आणि मुलगी यांच्या मधल्या फटीत स्वतःला बसवलं. गुडघे पोटाशी घेऊन तिनं तिथंच चहा घेतला. जाताना ती उठेना. पायाला मुंग्या आल्या होत्या, नवऱ्यानं आणि सुनेनं मिळून तिला ओढून उभं केलं, आणि त्या ओढाताणीत ती हेलपाटून सासूच्या अंगावरच पडली. सासू खूप दिवसांनी कुणावर तरी मनापासून खेकसली. तोंडाला चव आल्यासारखी दिसली त्या दिवशी म्हातारी. पुढच्या खेपेला मनवाली म्हणाली, खोलीत जायचं आपण नावच काढायचं नाही, पण माझे पाय फार लांब आहेत, ते तेवढे खोलीत ठेवले तर चालतील का. चौघांनी विचार केला. चालतील म्हणाले. मग बुधवारी बुधवारी हे असंच चालू झालं, एका वेळी एक वस्तू उंबऱ्यापलीकडे. मनवालीचे पाय. मग सासूचे पाय, ते मात्र मोजे घालून. मग पाण्याचा जग, मग मुलीचं दप्तर, आणि दप्तराच्या मागोमाग एक दिवस मुलगी.

मुलीला घरात खार म्हणत, कारण तिकडून निघाल्यापासून ती बिस्किटं साठवायची. उशीखाली, बुटांत, एकदा तर आजीच्या चष्म्याच्या घरात. खार खोलीत गेली आणि बिस्किटं घेऊन गेली, तेव्हाच मनवाली डोळे मिचकावून म्हणाली होती की आता ही काही परत येत नाही. मग नवरा गेला. तो वायरमन, तिकडेही वायरमनच होता, त्यानं दिवा बसवायच्या निमित्तानं खोलीत शिडी लावली, आणि काम संपल्यावर तिथंच लवंडला तो सकाळपर्यंत घोरत राहिला. आणि आज सासूही, खिडकीत, अर्ध्या अंगानं बाहेर. जिना संपला तेव्हा सुनेच्या मनात ही बेरीज आपसूक पुरी झाली होती. पॅसेजमध्ये आता एकच गादी उरली होती, तिची.

तशी ती गादीसुद्धा नावालाच होती. ती झोपत नसे. पाठ भिंतीला टेकून, दोन्ही उंबरे दिसतील अशी बसून राही आणि ऐके. पाण्याचा पाइप, लिफ्टचा धप्प आवाज, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी खोकणं, एकेक आवाज तपासून ती पुढे सोडी, नाक्यावर गाड्या तपासतात तशी. पहाटे डोळा लागे न लागे तोच उठायची वेळ. याला ती त्रास म्हणत नव्हती. हे तिचं काम होतं. तिकडे त्या पहाटे तीच जागी होती म्हणून तर आज हे सगळे होते. दूरवरचा तो बारीक शिट्टीसारखा आवाज तिनं ऐकला होता, नवऱ्याला लाथ मारली होती, खारीला दंडाला धरून आणि सासूला अक्षरशः वेणीला धरून ओढत पॅसेजमध्ये आणलं होतं. मग समोरची भिंत गेली. धूळ बसल्यावर खिडकी होती तिथं आभाळच दिसत होतं, आणि सासू वेणी चाचपत म्हणाली होती, “केस किती ओढलेस गं.” ती कथा सासू आता कौतुकानं चारचौघांत सांगे. लोक हसत, सूनही हसे. पण हसता हसता तिला वाटे, यांना समजत नाही. हे सगळे आरामात खोल्यांमध्ये पसरलेत ते माझ्या जिवावर. मी डोळा मिटला त्या दिवशी काय. एका बुधवारी मनवाली हळूच म्हणाली होती की पहारेकऱ्यालासुद्धा बदली मिळते, पाळी लावा की घरात. खारीनं लगेच हात वर केला, मी करते, मला सगळे आवाज ओळखू येतात. सुनेनं तिचे केस कुरवाळले आणि विषय बदलला.

दुकानात मात्र ते अंगाशी यायला लागलं होतं. मशीनवर मान पडे. एकदा सुई नखातून आरपार गेली तेव्हा मालकीणबाईंनी तिला आत नेऊन पट्टी बांधली आणि काळजीनं नव्हे तर काळजी लपवायच्या रागानं म्हणाल्या की हे असंच चाललं तर मला तुला मशीनवर बसवता यायचं नाही, उद्या बोट जाईल. ती म्हणाली, नाही जायचं. तिला मशीन हवं होतं. कापड सुईखालून सरकताना जो एकसुरी आवाज होई त्यात तिला दुसरं काही ऐकू येत नसे, आणि दिवसातला तेवढाच वेळ ती ऐकत नसे. घरीही सगळ्यांचं लक्ष होतं. नवरा चोरून बघे, सासू उघड उघड. “तुझ्या डोळ्यांखाली दोन पिशव्या आल्यात,” सासू म्हणाली, “एकीत कांदे मावतील, एकीत बटाटे.” आणि मग खिडकीतल्या त्या पराक्रमानंतर म्हातारीला नवीनच सुचलं. खोलीत ऊन येतं, समोरच्या गच्चीवरचा माणूस सकाळी उघडाबंब व्यायाम करतो, तर खिडकीला पडदा हवा. साऱ्या गावाला पडदे शिवतेस, आम्हीच तेवढे उघड्यावर.

हे मात्र तिला एकदम पटलं. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, पण खिडकी झाकली तर जातेच. मालकीणबाईंनी ताग्यातला उरलेला तुकडा दिला, पिवळा, अंगावर बारीक पांढरी पानं. ती जेवणाच्या सुट्टीत शिवायला बसली. दुकानात माप घेतल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही हा नियम होता आणि तो तीच इतरांना शिकवत असे. पण आपल्या घरच्या खिडकीचं माप कुणी घेतं का? हात आपोआप चालले. उंची एवढी, रुंदी एवढी, वर चुण्या, खाली दुमड, कुठं थांबायचं ते बोटांना ठाऊक होतं. शिवताना ती गुणगुणत होती, आणि शेजारच्या मशीनवरच्या बाईनं आज काय विशेष म्हणून विचारलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. संध्याकाळी तिनं पडदा घरी नेला, नवऱ्यानं दांडी ठोकली, खारीनं कड्या ओवल्या, आणि पडदा लागला तो रुंदीला चांगला फूटभर जास्त, आणि उंचीला इतका आखूड की खालून खिडकी बाहेर आलेली, तोकडा झगा घातलेल्या पोरीच्या गुडघ्यांसारखी.

नवऱ्यानं दांडी खाली घेऊन बघितली, मग वर. तिची कानशिलं तापली. इतकी वर्षं कात्री हातात आणि असली चूक शिकाऊ पोरगीही करणार नाही. सासू जवळ गेली, पडद्याची कड बोटांत धरून तिनं ती खालपर्यंत चाचपली, मग दोन्ही हात फैलावून रुंदी बघितली, आणि हात तसेच फैलावलेले ठेवून मागे वळली. “अगं,” ती म्हणाली, “ही तर तिकडची खिडकी.” मग सगळ्यांनाच दिसलं. रुंद, बुटकी, खाली कट्टा असलेली खिडकी. त्या कट्ट्यावर मांजर बसायचं, सासू डोळ्यांना औषध घालून तिथं मान वर करून बसायची, खार उभं राहायला शिकली ती त्याच कट्ट्याला धरून. सुनेनं तिथला पडदा दर दोन वर्षांनी नवा शिवला होता. ती खिडकी आता जगात कुठेच नव्हती, आणि तरी तिचं माप इथं बिनचूक टांगलेलं होतं. तिला रडू आलं, मोठ्यानं आलं, आणि रडतानाच कानावर आलं की नवरा नाक ओढत पुटपुटतोय, “माप मात्र अगदी बरोबर घेतलंयस.” यावर आधी खार हसली. मग सासू. मग रडता रडता तीही, पडद्यात तोंड खुपसून, ते नवं पिवळं कापड ओलं होईपर्यंत.

शुक्रवारी मनवालीची बैठक असे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिकडून आलेली दहाबारा माणसं गोल करून बसत, बोलावंसं वाटलं तर बोलत, नाहीतर नुसता चहा पीत. सून सहसा चहाच पिई. त्या दिवशी तिनं पडद्याची गोष्ट सांगितली. मग घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा खाकरले. म्हणाले, मी रोज सकाळी घराबाहेर पडताना वाकतो, आमच्या तिकडच्या दाराची चौकट खाली होती. इथल्या दारातून उंट जाईल, पण मी वाकतो, शेजारीण समजते मी तिला नमस्कार करतो, आता तीही वाकते. एक नर्सबाई म्हणाली, मी अजून दुधाची एक पिशवी जास्त घेते, मांजरासाठी, आणि घरी आल्यावर आठवतं, मग मीच पिते, तीन किलो वजन वाढलंय. कुणी दिव्याचं बटण चुकीच्या भिंतीवर शोधत होतं. कुणी तिसऱ्या मजल्यावर राहून दुसऱ्या मजल्यावरच्या दारालाच किल्ली लावून बघत होतं. हसता हसता एकीची बांगडी कपावर आपटून कप खाली पडला, खण्णकन फुटला, आणि गोलातली सगळीच्या सगळी माणसं क्षणात खुर्च्यांखाली गेली. मनवाली एकटीच वर, बशी हातात घेऊन. खुर्चीखालून घड्याळवाले आजोबा म्हणाले, “बाई, तुम्हीही या, एकट्या काय करताय तिथं.” आणि ती भली बाई खरंच आली, मोठ्या कष्टानं, आधी पाय, मग बाकीची. तिथं खुर्च्यांखाली इतकी माणसं इतका वेळ हसत होती की खालून वाचनालयाचा ग्रंथपाल गप्प बसा सांगायला आला, आणि खुर्च्यांवर कुणीच नाही बघून परत गेला.

पडदा दुरुस्त करायला तिनं रविवार धरला. दुपार होती, जेवणं झालेली, सासू भांड्यांशी, नवरा खारीला पत्ते पिसायला शिकवत बसलेला. उरलेल्या कापडाची पट्टी खाली जोडली की उंची भागत होती. रुंदी राहू दे म्हणाली, जास्त असली तर चुण्या छान पडतात. दुकानात न्यायचा कशाला, दांडीवरून उतरवून तिथंच बसून टाके घालावेत, म्हणून ती सुईदोरा घेऊन खिडकीखाली जमिनीवर बसली. सुईत दोरा ओवायला उजेड लागतो आणि उजेड तिथंच होता. बसल्यावर तिला कळलं की आपण कुठं बसलो आहोत. डोक्यावर काच, दोन भिंतींचा पत्ता नाही. तिनं कान दिला. रस्त्यावरून एक सायकल गेली. फळवाला कुणाला तरी कलिंगड गोड असल्याची शपथ घालत होता. समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी बडवत होतं, धप्प, धप्प, तो आवाज तिनं दोनदा तपासला आणि सोडून दिला. पट्टी निम्मी जोडून झाली. ऊन पिवळ्या कापडातून येऊन हातावर पडत होतं, पांढरी पानं मनगटावर हलत होती. कापड उबदार झालं होतं, त्याला दुकानाचा खळीचा वास होता आणि कुठूनसा, असणं शक्य नसताना, कट्ट्यावरच्या मांजराचाही. एवढा टाका घालते आणि मग, असं तिच्या मनात आलं. मग काय, ते यायचं राहिलं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. सुई कुणीतरी तिच्या हातातून काढून पडद्यात टोचून ठेवली होती, डोक्याखाली उशी होती, आणि अंगावर न जोडलेल्या पट्टीसकट अर्धा पडदा. घरात कसलाच आवाज नव्हता. भांड्यांचा नाही, पत्त्यांचा नाही, सासूच्या बोलण्याचा नाही, आणि सासूच्या बोलण्याचा आवाज नाही असं या घरात होत नसे. झोपले मी, तिच्या मनात आलं, मी झोपले आणि. ती पडदा गळ्यात तसाच अडकवून धडपडत उठली, कड्या खळाळल्या, आणि ती उंबऱ्यापाशी आली.

पॅसेजमध्ये तिघंही बसले होते. गुडघे पोटाशी, खांद्याला खांदा, तिच्या गादीवर, पूर्वी बसायचे तसेच. पत्त्यांचा डाव चपलांच्या कपाटावर मांडलेला. नवऱ्याच्या एका हातात पत्ते आणि दुसऱ्या हाताचा पंजा लिफ्टच्या आवाजाची वाट बघावी तसा कानामागे धरलेला. खारीनं सगळ्यांना एकेक बिस्किट वाटलं होतं, स्वतःच्या साठ्यातलं, आणि कुरकुर आवाज होऊ नये म्हणून तिघंही ते चहात भिजवून, दात न लावता चोखत होते. तिला बघून खारीनं ओठांवर बोट ठेवलं, मग ते कुणासाठी ठेवलंय हे लक्षात येऊन काढून घेतलं. कुजबुजत तिनं हिशेब दिला. दोनदा लिफ्ट, एकदा वरचे काका खोकले, एकदा दारावर कुणीतरी आलं होतं, त्याला बाबांनी खुणेनंच परत पाठवलं. बाकी सगळं ठीक.

सून उंबऱ्यावर उभी राहिली. त्या पहाटे या तिघांना तिनं ओढून पॅसेजमध्ये आणलं होतं, आणि आज ते आपण होऊन आत येऊन बसले होते, तिच्यासाठी, दोन भिंतींच्या आत, पायांना मुंग्या आणून. सासूनं भिजलेलं बिस्किट गिळलं, गुडघ्यांवर हात टेकले आणि दबक्या आवाजात विचारलं, “झाली का झोप? येऊ का आता आम्ही बाहेर? कंबर मोडली माझी.”

तिनं गळ्यातला पडदा नीट केला आणि जरा विचार केला.

“अजून थोडा वेळ बसता का, आई?” ती म्हणाली, आणि खिडकीखालच्या उशीकडे परत गेली.